दुभत्या गाईवरचं प्रेम

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. वर तुकोबांची ‘न लगे मुक्ती धनसंपदा’ ही ओळ आणि खाली तीन विधानं. ख्रिस्ती माणूस देवावर प्रेम करतो ते स्वर्गाच्या लोभाने नाहीतर नरकाच्या धाकाने. निष्काम भक्ती त्यांना ठाऊकच नाही. आणि कुणी तसं बोललंच, तर चर्चने त्याला जाळलं.

पहिल्यात तथ्य आहे. ‘प्रतिफळ’ हा शब्द बायबलमध्ये जागोजागी भेटतो, अगदी येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातही. पण ईयोबाच्या पुस्तकात सैतानाचा सवालच असा आहे की ईयोब देवाला भजतो ते काय फुकट? म्हणजे मेसेजवाल्याची शंका बायबलने त्याच्या कितीतरी आधी काढून ठेवली आहे.

दुसरं मात्र साफ चूक. माइस्टर एकहार्ट हा डोमिनिकन या ख्रिस्ती संन्यासी संघातला जर्मन प्रवचनकार सातशे वर्षांपूर्वी लोकांना सुनावत होता की काही जण गाईवर करावं तसं देवावर प्रेम करतात, दुधासाठी आणि चीजसाठी. दुभत्या गाईच्या लाथा आपल्याकडे गोड लागतात. एकहार्टला नेमकं तेच खुपत होतं.

मला जास्त जवळचा वाटतो तो ब्रदर लॉरेन्स. सतराव्या शतकातला, पॅरिसमध्ये कार्मेलाइट या ख्रिस्ती संन्यासी संघाच्या मठातला आचारी. स्वयंपाकघराचा त्याला मुळात कंटाळा. तरी म्हणायचा, तव्यावरचं ऑम्लेट मी देवाच्या प्रेमापोटी उलटतो. हे वाचून तो सदा आनंदी असणार असं वाटतं. पण आपण नरकातच जाणार, या खात्रीने त्याने चार वर्षं तळमळत काढली होती. त्यातून त्याला वाट सापडली ती अशी: मठात आलो तो देवावरच्या प्रेमासाठी, तरलो काय, बुडालो काय, मरेपर्यंत तेच करत राहीन. स्वर्गाची आशाच उरली नव्हती, तरी माणूस चुलीपुढे उभा राहिला. यात लोभ कुठे शोधायचा?

तिसरं अर्धं खरं. निरपेक्ष प्रेमावर लिहिणाऱ्या मार्गरीत पोरेत या गूढवादी बाईला १३१० साली पॅरिसमध्ये जाळलं, आणि त्यावर सारवासारव करायचं कारण नाही. एकहार्टची काही वाक्यंही पोपने १३२९ साली, त्याच्या मृत्यूनंतर, दोषी ठरवली. पण फ्रान्समधल्या कांब्रेचा आर्चबिशप फेनेलों पाहा. आत्म्याची अशी कायमची अवस्था असते जिथे शिक्षेची भीती आणि बक्षिसाची इच्छा दोन्ही उरत नाहीत, असं त्याने १६९७ साली मांडलं. बोस्युए या दुसऱ्या फ्रेंच बिशपने त्याविरुद्ध रान उठवलं. १६९९ मध्ये पोपने फेनेलोंची २३ विधानं नाकारली, त्याने निकाल मान्य केला आणि १७१५ साली मरेपर्यंत तो आर्चबिशपच राहिला. आक्षेप निरपेक्ष प्रेमावर नव्हता. आशा हासुद्धा सद्गुणच, तो कायमचा टाकून द्यायचा दावा चर्चला मान्य नव्हता. बाराव्या शतकातल्या संत बर्नार्ड या फ्रेंच मठाधिपतीने तर हे आधीच सांगितलं होतं: देवावरचं प्रेम बिनप्रतिफळ राहत नाही, पण प्रतिफळावर डोळा ठेवून ते करायचं नसतं.

आणि हो, मेसेजवाल्याने तो अभंग पुरता वाचायला हवा होता. ‘हेंचि दान देगा देवा’ अशीच त्याची सुरुवात आहे. तुकोबाही मागतातच. फक्त मागतात ते एवढंच, की तुझा विसर न व्हावा आणि संतांचा संग सदा मिळावा.