आईची नडगी आणि पट्टीचा वाद

साताऱ्याला माझ्या 81 वर्षांच्या आईची नडगी पलंगाच्या कडेला घासून आगपेटीएवढी कातडी सोलली गेली, आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच दोन तट पडले. हळद लावून जखम उघडी ठेवा, खपली धरली की काम झाले, असे काकांचे म्हणणे. पुण्यातला मावसभाऊ कोलॅजनची (त्वचेला बळकटी देणाऱ्या प्रथिनाची) महागडी पट्टी मागवायला निघालेला. इथे इंग्लंडमध्ये, लीड्सला बसून मला दोघांचेही अर्धेच पटले.

काकांच्या खपलीला उत्तर जुने आहे. 1962 मध्ये संशोधक जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या कातडीवरील उथळ जखमा साध्या पॉलिथिनखाली ओलसर ठेवल्या, तेव्हा उघड्यावर वाळलेल्या जखमांच्या सुमारे दुप्पट वेगाने त्यांच्यावर नवी त्वचा धरली. कारण कोरड्या खपलीखालून वाट काढण्यापेक्षा ओलीवरून सरकणे पेशींना सोपे जाते. म्हातारपणी तर हे अधिकच महत्त्वाचे. तरुणपणी त्वचेचे वरचे आणि खालचे थर लाटांसारखे एकमेकांत गुंतलेले असतात. वयाबरोबर त्या लाटा सपाट होतात, कोलॅजन विरळ होते, पेशी सावकाश विभागतात, आणि चिकटलेला गॉझ ओढला की आठवडाभराची कमाई त्याच्यासोबत निघून येते.

म्हणून महाग पट्टी हवीच, असेही नाही. मुंबईतल्या डॉक्टरांनी भाजलेल्या रुग्णांवर उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या, आणि पुढे केळीच्या पानांच्या पट्ट्या वापरून दाखवल्या आहेत (निर्जंतुक केलेल्या बरे, स्वयंपाकाच्या ओट्यावरच्या नव्हेत). उलट समुद्री शेवाळापासून केलेली अल्जिनेटची पट्टी पाझरणाऱ्या जखमेतला स्राव शोषून जेलसारखी होते, पण कोरड्या जखमेवर तीच चिकटून बसते.

कोणत्या जखमेला कोणती पट्टी, हे ओळखायला नजर लागते, आणि माझ्या मते इथला-तिथला खरा फरक तोच आहे. माझ्या शेजारच्या आजींच्या पायावरची जखम पाहायला सरकारी आरोग्यसेवेची परिचारिका घरी येते, पायाचा रक्तपुरवठा तपासून मगच दाबपट्टी बांधते आणि त्याचे पैसे घेत नाही. तिला यायला कधीकधी उशीर होतो, हेही खरे. आईकडे कोण येणार, हे मात्र ग्रुपवर कोणीच विचारले नव्हते. शेवटी आम्ही गल्लीतल्या एका निवृत्त परिचारिकाबाईंना विनंती केली. त्यांनी सुटलेला पापुद्रा सलाईनने भिजवून जागेवर बसवला, वर सिलिकॉनची न चिकटणारी पट्टी लावली, आणि ती काढताना कोणत्या दिशेने उचलायची याचा बाण पेनाने तिच्यावरच काढून ठेवला.