साडेसात ग्रॅम तांब्यासाठी

नमस्कार. घरी चांदीचे दागिने करणाऱ्यांनी कीस-कतरण (कानशीचा चुरा आणि कापलेले तुकडे) शुद्ध करायला बाहेर द्यावी, असं मी लिहिलं, त्यावर तुम्ही प्रतिक्रियेत रागावलात. मी घरी शुद्ध करायची कृती दडवली, सराफ्याची दलाली केली आणि पूर्वी हे काम वाड्याच्या अंगणात सर्रास चालायचं, असं तुमचं म्हणणं.

दडवायला ती कृती गुपित थोडीच आहे? चांदी नायट्रिकच्या तेजाबात विरघळवायची, त्यात तांब्याची पट्टी सोडायची; तांबं विरघळत जातं आणि चांदी राखाडी गाळ होऊन बसते. पण हिशेब मांडा. ९२.५ टंचाच्या, म्हणजे शंभरात ९२.५ भाग चांदी असलेल्या, १०० ग्रॅम किसात (कानशीच्या; भुट्ट्याचा कीस आपल्या इंदूरच्या सराफ्यात रात्री मिळतो) तांबं असतं ७.५ ग्रॅम. तेवढं काढायला आधी सगळी चांदी विरघळवा, मग ती परत पाडायला आणखी सुमारे २७ ग्रॅम तांबं खर्ची घाला. एवढं करून शुद्ध चांदी हाती आली की ती फार मऊ पडते, म्हणून आपण तिच्यात काय मिसळतो? साडेसात ग्रॅम तांबं!

बहुतेक वेळा शुद्ध करायची गरजच नसते, हे मला सांगायचं होतं. आपल्याच पत्र्या-तारेचा कीस वेगळ्या डबीत ठेवा, लोहचुंबक फिरवून कानशीचं पोलाद काढा, टाकणखार टाकून मुशीत आटवा आणि निम्मी तरी नवी चांदी घाला. डाग दिलेले, म्हणजे जोडणीचा धातू वितळवून सांधलेले, तुकडे मात्र यात नकोत. डागात जस्त असतं, जुन्या डागात कॅडमियमही निघतं. चांदी ९६२ अंशांना वितळते, कॅडमियम त्याआधीच ७६७ला उकळून त्याची विषारी वाफ होते. असे तुकडे आणि बाहेरून आलेली मोड (मोडीत काढलेले जुने दागिने), एवढंच बाहेर द्यायचं.

तिथे फसवतात, हे तुमचं खरं. म्हणून मोड आपल्यासमोर आटवून एकच लगडी करून घ्यावी, वजन लिहून ठेवावं आणि मगच टंच काढावा. एक्स-रेचं मशीन फक्त वरचा थर वाचतं. न आटवलेल्या मोडीवर ते डागावर टेकवलं की टंच पडतो, आणि नुकसान आपलं.

अंगणाचं म्हणाल, तर तिथे निदान वारा होता. रामबागेतल्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात तेजाबाचा तांबूस धूर कुठे जाणार? तो छातीत गेला तर त्या वेळी नुसता खोकला येतो. फुप्फुसांत पाणी भरतं ते काही तासांनी, माणूस जेवून झोपल्यावर. तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही. आणि उरलेलं निळं पाणी ‘नालीत ओता’ म्हणता, त्यात ते सगळं तांबं असतं. आपल्या नाल्या कान्ह नदीला मिळतात आणि कान्ह उज्जैनजवळ क्षिप्रेला.

राहता राहिला तुमचा शेवटचा सल्ला: मीठ घालून चांदी पाडावी, ती अमोनियात विरघळवून बाटलीत भरून ठेवावी. असं द्रावण ठेवून दिलं की त्यात काळा साका धरू शकतो, आणि तो नुसत्या धक्क्यानं फुटतो, बाटलीसकट. कोणी वाचून करून पाहील या भीतीनं ती ओळ मी तुमच्या प्रतिक्रियेतून काढली आहे. बाकी सगळी, दलालीच्या आरोपासकट, तशीच ठेवली आहे.