क्रोक पॅट्रिक आणि ‘भाकडकथा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

आयर्लंडमधल्या क्रोक पॅट्रिक या डोंगरावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : “आयर्लंडमध्ये साप नव्हतेच. संताने साप हाकलल्याच्या भाकडकथा सांगून वाचकांना मूर्ख बनवू नका. सोन्याच्या खाणीचा वाद गाळलात. एकूण लेख म्हणजे टूरवाल्यांचं पत्रक.”

आधी ‘मूर्ख बनवू नका’विषयी. अनोळखी बाईशी बोलायची ही कुठली रीत? सापांच्या गोष्टीआधी मी ‘असं सांगतात’ लिहिलंय. तेवढं वाचायची तसदी घ्यायची होती.

हिमयुगानंतर आयर्लंडात साप पोचलेच नाहीत, हे मलाही माहीत आहे हो. पण इ.स. ४४१ मध्ये संत पॅट्रिकने माथ्यावर चाळीस दिवस उपास केला, काळ्या पक्ष्यांच्या रूपात आलेल्या दुष्ट शक्तींवर घंटा भिरकावली, ही कथा गाळली तर जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो माणसं ७६४ मीटर का चढतात ते सांगायचं कसं? त्यातले काही अनवाणी असतात. पॅट्रिकच्या आधी या डोंगराचं नाव क्रुआखान आयगल होतं, आणि ही यात्रा येते ती लूनासा या जुन्या सुगीच्या सणाच्या तोंडावर. १९९४-९५ च्या उत्खननात माथ्याभोवती तटबंदीच्या खुणा आणि दगडी प्रार्थनागृहाचा पाया सापडला. त्याचा काळ इ.स. ४३० ते ८९० च्या दरम्यानचा निघाला. लोक तिथे इतकी शतकं जातायत ते या कथांच्या ओढीनेच. त्यांना भाकड म्हणून मोकळं होणं सोपं आहे.

आणि पत्रक? नर्सची नोकरी करत मी या डोंगराच्याच मेयो परगण्यात वर्षं काढली आहेत. वॉर्डातल्या म्हाताऱ्या या डोंगराला नुसतं ‘द रीक’ म्हणायच्या. एकीने पांघरूण सारून तळपायावरचा व्रण दाखवला होता, तरुणपणी अनवाणी चढताना झालेला. शेवटच्या उभ्या चढावर क्वार्टझाइट या कठीण खडकाचे सुटे, धारदार दगड पायाखालून सरकतात. तिथे मीही हातापायांवर चढले आहे. तुम्ही कधी गेला आहात का?

सोन्याचं म्हणणं मान्य. १९८०च्या दशकात तिथे सोनं सापडलं आणि लोकांच्या विरोधामुळे खाण झाली नाही, हे यायला हवं होतं. बाकीच्या शेऱ्यांना उत्तर देत बसत नाही.

पुढचा लेख या डोंगराजवळच्या बोहीच्या प्राचीन कोरीव शिळेवर आहे. १८ एप्रिल आणि २४ ऑगस्टच्या सुमारास तिथून मावळता सूर्य याच डोंगराच्या उतारावरून घरंगळत गेल्यासारखा दिसतो. त्यातलं काही चुकीचं वाटलं तर खुशाल लिहा, फक्त माझ्या प्रामाणिकपणावर घसरू नका.