पाय दिसले म्हणून दोर लावू नका

"गाय व्यायला लागली आणि पाय दिसले की लगेच दोर बांधून ओढा, उशिराने वासरू गुदमरतं. कळा मंद असतील तर पान्ह्याचं इंजेक्शन द्या. वार (वासराबरोबर बाहेर पडणारं गर्भावरण) अडकली तर तिला वजन बांधा. वार पडेपर्यंत चीक (विल्यानंतरचं पहिलं दूध) पाजू नका." हा सल्ला मोबाइलवर फिरतो आहे आणि लोक तो खरंच पाळताहेत. चारही गोष्टी चुकीच्या आहेत. पहिलीने तर डोळ्यांदेखत जनावरं जातात, म्हणून आधी तिच्याबद्दल.

वासरू आत असताना नाकाने श्वास घेतच नाही. नाळ चालू आहे तोवर त्याला रक्तातून प्राणवायू मिळतो, त्यामुळे नुसते पाय दिसल्याने ते गुदमरत नाही. विण्याला वेळ लागतोच. गर्भाशयाचं तोंड उघडायला साधारण 2 ते 6 तास जातात, पहिल्यांदाच विणाऱ्या गाईला, म्हणजे पहिलारूला, त्याहून जास्त. या काळात गाय ऊठबस करते, शेपटी उचलते, बाहेर काही दिसत नाही. मग पाणमोट, म्हणजे वासराभोवतीची पाण्याची पिशवी, येते, जोराच्या कळा सुरू होतात आणि अर्ध्या ते दोन तासांत वासरू येतं. पहिलारूला चार तासही लागू शकतात. घड्याळ पाहायचं ते इथून. गाय अर्धा तास नेटाने जोर करते आहे आणि काहीच पुढे सरकत नाही, तर हात घालून तपासायला हवं. तपासायला, ओढायला नव्हे.

एका पहिलारू गाईपाशी पोचलो तेव्हा दोन खूर बाहेर होते, त्यांना दोर आणि दोराला चौघे जण. तासभर ओढून झालं होतं. हात घातला तर पायांवर मुंडकंच नव्हतं. मान वळून बरगड्यांकडे गेली होती आणि प्रत्येक हिसक्याबरोबर आणखी दुमडत होती. दोर सोडवले, भरपूर वंगण घातलं, दोन कळांच्या मधे वासराला छातीपाशी रेटून मागे ढकललं, दातांनी गर्भाशय फाटू नये म्हणून त्याचं तोंड तळहातात धरलं आणि मुंडकं समोर आणलं. वीस मिनिटांत वासरू बाहेर आलं, मेलेलं. गाय वाचली. तो तास मला अजून सलतो, कारण मुंडकं कुठे आहे हे कुणी आधी पाहिलं असतं तर बहुधा दोघंही वाचली असती.

पाहायचं काय? खुरांचे तळवे जमिनीकडे असतील तर बहुतेक पुढचे पाय, आकाशाकडे असतील तर बहुतेक मागचे. खात्रीसाठी हात वर न्या: खुरावरचा सांधा आणि त्याच्या वरचा सांधा एकाच दिशेने वाकत असतील तर पाय पुढचे, उलट दिशेने वाकत असतील तर मागचे. पुढचे दोन पाय आणि त्यांवर टेकलेलं मुंडकं, ही सरळ मांडणी. तोंडात बोट घातलं की जिवंत वासरू बहुधा चोखतं, खुरांच्या बेचक्यात चिमटा काढला की पाय आखडतं. सगळं सरळ असूनही मदत लागली, तर ती गाईच्या कळेबरोबरच, दोघांच्या ताकदीने, आधी एक पाय मग दुसरा, आणि मुंडकं बाहेर आल्यावर खाली, गाईच्या मागच्या पायांच्या दिशेने. घाई रास्त असते ती वासरू मागच्या पायांनी येताना: कंबर बाहेर पडली की नाळ दाबली जाते आणि मुंडकं अजून आतच असतं.

इंजेक्शनबद्दल. पान्ह्याचं इंजेक्शन म्हणजे ऑक्सिटोसिन, गर्भाशय आवळणारं संप्रेरक. ते शरीर स्वतःच सोडतं, वासराचा दाब वाटेवर पडला की. कळा मंद आहेत त्या का, हे न पाहता ते टोचलं तर अडलेल्या वासरावर गर्भाशय आवळतं आणि फाटूही शकतं. म्हशीत तर अडण्याचं मोठं कारण गर्भाशयाला पडलेला पीळ असतो. दिवस भरलेत, म्हैस अस्वस्थ आहे, पाणमोट मात्र येत नाही, असं दिसलं की डॉक्टरांनाच बोलवा. ते पिळाची दिशा ओळखून म्हशीला लोळवून पीळ सोडवतात. कॅल्शियम कमी पडल्यानेही कळा मंदावतात, आणि त्याचा इलाज वेगळा आहे.

वजन बांधू नकाच. गाईची वार गर्भाशयाला शंभराच्या आसपास गाठींनी, बटणं लावावीत तशी, धरलेली असते. ओढलं तर ती तुटते, तुकडे आत राहून सडतात, कधी गर्भाशयच बाहेर येतं. वार बहुधा 12 तासांत पडते. 24 तास उलटले, ताप आला किंवा चारा सोडला तर उपचार लागतो. घोडीचं मात्र वेगळं: तिची वार 3 तासांत पडली नाही तर लगेच डॉक्टर हवा.

राहिला चीक. आईच्या पोटात वासराला रोगप्रतिकारक घटक मिळत नाहीत, ते चिकातूनच मिळतात. ते जसेच्या तसे शोषण्याची आतड्याची क्षमता तासागणिक घटते आणि 24 तासांत जवळपास संपते. म्हणून पहिल्या दोन तासांत पाजा. 30 किलोच्या वासराला पहिल्या काही तासांत 3 लिटरच्या आसपास. शिवाय वासरू सडाला लागलं की गाईच्या अंगात तेच ऑक्सिटोसिन सुटतं आणि गर्भाशय आवळायला मदत होते. वार पडायची वाट पाहत चीक अडवून ठेवणारा माणूस वासराला उपाशी ठेवतोच, आणि गाईची ती मदतही काढून घेतो.