नाव बदलून डीव्हीडी होत नाही, आणि मूळ फाइल तर उडवूच नका

“एमपी४ फाइलचं नाव बदलून व्हीओबी करा, व्हिडिओ-टीएस नावाच्या फोल्डरमध्ये टाका आणि राइट करा, कन्व्हर्ट करायची गरजच नाही. एका डिस्कवर सहा तास आरामात बसतात. स्पीड सगळ्यात कमी ठेवा, चित्र स्वच्छ येतं. डिस्क फायनलाइज करू नका, नंतर भर घालता येते. डीव्हीडी शंभर वर्षं टिकते, तेव्हा मूळ फाइल उडवून जागा मोकळी करा.”

हा पाच कलमी संदेश फिरतोय (व्हीओबी म्हणजे डीव्हीडीवरची व्हिडिओ-आवाजाची फाइल, फायनलाइज म्हणजे डिस्कवरचं लेखन कायमचं बंद करणं). फिरू दे म्हटलं असतं, पण तो मामांपर्यंत पोचला आणि ते थेट शेवटच्या कलमाच्या तयारीला लागले. म्हणून हे लिहिणं आलं, आणि म्हणून सुरुवातही शेवटच्या कलमापासून. बाकीच्या चुकांत फार तर एक डिस्क फुकट जाते. ही चूक निस्तरता येत नाही.

मोबाइलच्या १०८०पी व्हिडिओत एका फ्रेममध्ये १९२० × १०८० पिक्सेल असतात. पाल, म्हणजे आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीच्या, डीव्हीडीवर ७२० × ५७६. गुणाकार करून बघा, बरोबर पाचवा हिस्सा भरतो. म्हणजे पाचातले चार पिक्सेल कन्व्हर्ट करतानाच गेले, आणि उरलेल्यावर एमपेग-२ चं, म्हणजे डीव्हीडीच्या व्हिडिओ पद्धतीचं, काँप्रेशन नव्याने चढलं. मूळ व्हिडिओ ४के असेल तर विसावा हिस्सा. ती डिस्क शंभर सोडा, हजार वर्षं टिकली तरी जे तिच्यावर गेलंच नाही ते तिच्यातून परत कसं मिळणार?

शंभरचा आकडा मात्र हवेतून आलेला नाही, हे नाइलाजाने कबूल. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकसंस्थेने २००३ साली सीडी-डीव्हीडी जपण्याविषयी मार्गदर्शिका काढली. तिच्यात उत्पादकांच्या चाचण्यांच्या हवाल्याने डीव्हीडी-आर (एकदाच राइट होणाऱ्या) डिस्कना १०० ते २०० वर्षं दिली आहेत, पण ती शिफारशीप्रमाणे जपल्यास, म्हणजे थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी आणि उभी ठेवल्यास. त्याच मार्गदर्शिकेत आरडब्ल्यू (पुसून पुन्हा राइट होणाऱ्या) डिस्कना २५ वर्षं आहेत, आणि राइट न केलेली कोरी डिस्क तर अंदाजे ५ ते १० वर्षंच भरवशाची धरली आहे. हे संदेशात कुठे आहे? एकदाच राइट होणाऱ्या डीव्हीडीत डेटा सेंद्रिय रंगाच्या थरात असतो आणि ऊन त्या थराला मारतं. स्टिकरही चिकटवू नका, नाव लिहायचं तर पाण्याच्या शाईच्या मऊ टोकाच्या पेनने लिहा. मूळ फाइल दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. डीव्हीडी ही बघायची प्रत आहे.

आता नाव बदलण्याची करामत. एमपी४ मध्ये बहुधा एच.२६४ किंवा एच.२६५ व्हिडिओ आणि एएसी आवाज असतो. डीव्हीडी-व्हिडिओच्या नियमात यातलं काहीच नाही. तिथे व्हिडिओ एमपेग-२ (एमपेग-१ ही चालतो), आवाज एसी-३, पीसीएम किंवा एमपेग, आणि तोही सहसा ४८ किलोहर्ट्झचा. शिवाय प्लेअर व्हीओबीला हात लावण्याआधी आयएफओ फाइल वाचतो. कुठलं टायटल कुठे सुरू होतं, मेनू कुठे आहे, सगळं तिच्यात असतं, आणि बीयूपी ही तिची राखीव प्रत. नुसत्या फोल्डरला नाव दिल्याने या फाइली उगवत नाहीत.

“पण कॉम्प्युटरवर तर चालतं!” चालणारच. व्हीएलसीसारखा प्लेअर फाइलचं नाव न बघता आत काय आहे ते तपासतो. त्याला तुम्ही फसवलेलंच नाही. काही डीव्हीडी प्लेअर डिव्हएक्सच्या एव्हीआय फाइलीही डेटा डिस्कवरून वाजवतात, ती त्या प्लेअरची मेहेरबानी. आणि उलट्या दिशेने ही युक्ती बऱ्याचदा जमते: व्हीओबीचं नाव एमपीजी केलं तर ती चालते, कारण आत आधीपासून एमपेगच असतो. अफवेचं मूळ बहुधा तिथेच असावं.

खरी कामं तीन: कन्व्हर्ट करणं, ऑथरिंग (मेनू आणि आयएफओ वगैरे रचणं), राइट करणं. एफएफएमपेग या कन्व्हर्ट करणाऱ्या प्रोग्राममध्ये टार्गेट म्हणून पाल-डीव्हीडी दिलं की ७२० × ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, ४८ किलोहर्ट्झचा एसी-३ आवाज हे सगळं तो स्वतः बसवतो. आस्पेक्ट (रुंदी-उंचीचं प्रमाण) १६:९ मात्र आपण सांगायचा, नाहीतर माणसं लांबोडकी दिसतात. मोबाइलच्या व्हिडिओत फ्रेम रेट बदलता असतो, तो आधी स्थिर करून घ्या, नाहीतर अर्ध्या तासाने ओठ आणि आवाज यांची फारकत होते. शूटिंग ३० फ्रेमचं असेल तर ते २५ वर आणताना हालचाल झटके खाते. अशा वेळी एनटीएससी ही अमेरिकी टीव्ही पद्धत, म्हणजे ७२० × ४८० आणि २९.९७ फ्रेम, बरं पडतं. पालचे बहुतेक प्लेअर एनटीएससीही वाजवतात, उलट मात्र क्वचित. पुढे डीव्हीडीस्टायलर या ऑथरिंगच्या प्रोग्राममध्ये मेनू करून आयएफओ, बीयूपी आणि व्हीओबी तयार करा. राइट करणाऱ्या इमगबर्न या प्रोग्रामला तो आख्खा फोल्डर द्या, फाइल सिस्टीम आयएसओ अधिक यूडीएफ १.०२ ठेवा.

सहा तासांचा हिशोब सोपा आहे. एमपी४ किती जीबीची आहे याला अर्थ नाही, मिनिटं किती ते बघा. एका थराच्या डिस्कवर ४.७ अब्ज बाइट मावतात (विंडोज त्यालाच ४.३७ जीबी म्हणतं). थोडी जागा सोडून ३६,००० मेगाबिट धरा आणि सेकंदांनी भागा. दोन तासांना ५ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) येतात, त्यातले ०.२ आवाजाला, उरलेल्यात चित्र छान. सहा तासांना चित्रासाठी दीडही उरत नाही, पूर्ण रिझोल्यूशनवर नुसते चौकोन दिसतील. चार तास बसवायचेच असतील तर ३५२ × ५७६ घ्या, नियमात बसतं. आणि तासाभराच्या व्हिडिओला उगाच ९.८ ची कमाल मर्यादा गाठू नका. राइट केलेल्या डिस्कवर काही प्लेअर तिथे अडखळतात, ८ पुरे.

स्पीडने चित्र बदलत नाही, बिट तेच असतात. एवढं मात्र खरं की १६एक्सची (सोळा पट वेगाची) डिस्क १६ नेच राइट केली तर बाहेरच्या कडेला चुका वाढू शकतात आणि सिनेमा शेवटाकडे गोठतो. ८एक्स ठेवा, शेवटी व्हेरिफाय करा. १एक्सच्या मागे लागू नका, आजचे ड्राइव्ह बहुतेक तो पर्यायच देत नाहीत.

फायनलाइज न केलेली डिस्क कॉम्प्युटर वाचेल, टीव्हीखालचा प्लेअर बहुधा “नो डिस्क” म्हणेल. आणि भर कशात घालणार? आयएफओ सगळी टायटलं धरून एकदाच बनते. नवी क्लिप आली की ऑथरिंग पुन्हा, डिस्क नवी. प्रयोग करायचे तर आरडब्ल्यूवर करा, फक्त जुने काही प्लेअर ती वाचत नाहीत, तेवढं आधी बघून घ्या.