चारच ओहम हवे होते

गाडीत वूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर, बसवणं ही खरेदी आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा माझ्या भाच्याबरोबर इंदूरच्या महाराणी रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जावं. ती गणिताची तोंडी परीक्षा असते आणि परीक्षक कचोरी खात असतो.

वूफर भाच्याने ऑनलाइन मागवलेला. त्यात दोन व्हॉइस कॉइल, म्हणजे आवाज काढणारी तारेची वेटोळी, प्रत्येकी 4 ओहम. ओहम हे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप. अँप्लिफायरच्या पुस्तिकेत बजावलेलं : चॅनेलला (आवाज बाहेर पडायच्या एकेका वाटेला) किमान 2 ओहम, ब्रिज केलंत, म्हणजे दोन चॅनेल मिळून एकच वूफर चालवलात, तर किमान 4. भाच्याला ब्रिजच हवा. आता कॉइल पॅरलल, म्हणजे शेजारी-शेजारी जोडल्या तर होतात 2, सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडल्या तर 8. इंदुरात मध्यरात्री सराफ्यात गराडू (तळलेला कंद) मिळतात, पण आम्हाला भरदुपारी 4 ओहम मिळेनात.

दुकानदाराला यात अडचणच दिसेना. ‘‘भिया, पैरेलल मार दो. जितना कम ओम, उत्ता बेस!’’

तसं खोटं नाही. ओहम निम्मे झाले की करंट दुप्पट. पण तो द्यायचा कुणी? पंगतीत एकाच वाढप्याला दोन ओळी दिल्या की तिसऱ्या फेरीला तो भांडं खाली ठेवतो. त्यात ब्रिज केला की प्रत्येक चॅनेलला निम्मेच ओहम दिसतात, म्हणजे आमच्या 2 चा झाला 1. अर्धं गाणं वाजलं, अँपवर लाल दिवा लागला आणि सगळं गप्प.

‘‘ये तो प्रोटेक्शन की लाइट है,’’ दुकानदार म्हणाला. ‘‘नीली वाली भी आती है, दिखाऊँ?’’

भाच्याने मल्टिमीटर मागून घेतला आणि एक कॉइल मोजली. 3.4! ‘‘मामा, फसवलं! चार सांगून साडेतीनसुद्धा नाही!’’ मीटर फक्त तारेचा डीसी रोध (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेला होणारा अडथळा) दाखवतो, 4 हा नाममात्र आकडा, आवाजाच्या फ्रिक्वेन्सीबरोबर इम्पिडन्स, म्हणजे वाजताना होणारा एकूण अडथळा, सारखा बदलत असतो, हे सगळं मी त्याला रस्त्याच्या मधोमध, मागून हॉर्न वाजत असताना समजावलं. त्याचं लक्ष निळ्या दिव्याकडे.

‘‘तो फिर ऐसाइच एक वूफर और ले लो भिया, चार बन जाएँगे.’’

संताप याचा की हे बरोबर होतं. प्रत्येक वूफरच्या कॉइल सिरीजमध्ये, 8 आणि 8. ते दोन पॅरलल, झाले 4. ओहमसाहेबांनी 1827 मध्ये नियम छापला तो काय या माणसाचा गल्ला भरायला? आणि दोन वूफर डिकीत गेल्यावर पुण्याला न्यायच्या बरण्या कुठे ठेवायच्या?

मी सिरीजवर अडून बसलो. 8 ओहम. 4 वर मिळाली असती त्याच्या निम्मी ताकद, कानाला जेमतेम 3 डेसिबलचा फरक. भाच्याने घरी येईपर्यंत तोंड पाडलं होतं.

संध्याकाळी आईला देवळात नेलं. मागच्या सीटवर, वूफरच्या थेट पुढ्यात बसून तिने एक गाणं मुकाट ऐकलं. मग म्हणाली, ‘‘आठ केलेस म्हणतोस ना? मग सोळा होतात का बघ.’’