‘शेजारी उभं केलं की पोरगा आपोआप शिकतो’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कारखान्यातल्या प्रशिक्षणावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘इन्स्ट्रक्शनल डिझाइन म्हणजे स्लाइडची रंगरंगोटी. नव्या पोराला जुन्या ऑपरेटरशेजारी उभं करा, आपोआप शिकेल.’ इन्स्ट्रक्शनल डिझाइन म्हणजे प्रशिक्षणाची पद्धतशीर आखणी; तिच्या नावाखाली होणाऱ्या रंगरंगोटीवरचा तुमचा राग रास्तच आहे. साठ स्लाइड दाखवायच्या आणि शेवटी लॉकआउटची, म्हणजे दुरुस्तीआधी यंत्र बंद करून कुलूप लावण्याची, व्याख्या विचारायची, याने कुणाची बोटं वाचत नाहीत. ‘आपोआप’ मात्र मला पटत नाही.

पॉवर प्रेसची, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्राची, डाय (साचा) दुरुस्त करण्याआधीचं लॉकआउट घ्या. जुना ऑपरेटर सांगतो, “मेन बंद कर, कुलूप लाव, हवा सोड.” त्याचे हात याहून बरंच काही करतात, पण ते इतकं अंगवळणी पडलेलं असतं की सांगायचं सुचतच नाही. मोटर बंद केली तरी फ्लायव्हील, म्हणजे प्रेसचं जड चाक, फिरत राहतं. ते थांबेपर्यंत तो हात घालत नाही. हवा सोडण्याआधी तो प्रेसच्या स्लाइडखाली (वर-खाली होणाऱ्या जड भागाखाली) सेफ्टी ब्लॉक, म्हणजे टेकू, लावतो, कारण ते वजन तोलून धरणाऱ्या काउंटरबॅलन्समधली हवा गेली की स्लाइडचं सगळं वजन ब्रेकवर येतं. कुलूप लागल्यावर स्टार्टचं बटण दाबून प्रेस खरंच मेली आहे ना, हेही बघतो. शेजारी उभ्या पोराला दिसतं फक्त कुलूप.

म्हणून आधी तीन रकान्यांचा तक्ता करायचा: पायरी, तिच्यातली खुबी, त्यामागचं कारण. या पद्धतीचं मूळ दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकेच्या ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ या सरकारी प्रशिक्षण कार्यक्रमात आहे; कारणांचा रकाना पुढे जोडला गेला. प्रशिक्षक काम तीनदा करून दाखवतो: आधी नुसत्या पायऱ्या सांगत, मग खुब्यांसकट, मग कारणांसकट. त्यानंतर शिकणारा करतो: आधी न बोलता, मग त्याच क्रमाने बोलत. चूक तिथल्या तिथे दुरुस्त करायची, हात चुकीचा वळू द्यायचा नाही. हे एका वेळी एकालाच. पंचवीस जण गोळा केले तर मागच्यांना प्रशिक्षकाची फक्त पाठ दिसते.

आठवड्याने दुसऱ्या प्रेसवर, आठवण न करता, पुन्हा करून घ्या आणि गाळलेली पायरी लिहून ठेवा; हजेरीपटावरची सही यातलं काही सांगत नाही. तीच पायरी तिघांनी गाळली तर तक्ता तपासा. कुलपंच कमी असतील, तर आधी माणशी एक कुलूप द्या आणि किल्ली ज्याची त्याच्या खिशात राहू द्या. ते काम प्रशिक्षणाचं नव्हे.

जुन्या ऑपरेटरवरचा तुमचा विश्वास मलाही आहे, तक्ता त्याच्याशिवाय होतच नाही. फक्त दिवसपाळी आणि रात्रपाळीच्या ऑपरेटरकडून तो वेगवेगळा लिहून घ्या. जिथे दोघांचा क्रम जुळत नाही, तिथे मेन्टेनन्सवाल्यांना बोलावून योग्य क्रम ठरवा, मगच नव्याला शिकवायला घ्या.